ब्रिटनमधला पहिला हिवाळा : घर उबदार आणि गॅसचं बिल आवाक्यात

दरवर्षी ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आला, घड्याळं एक तास मागे गेली, की नव्याने आलेल्या मराठी मंडळींचे फोन सुरू होतात. आधी प्रश्न असतो, "ताई, घर तापतच नाही." मग डिसेंबरात, "तापतं, पण लगेच गार पडतं." आणि जानेवारीत, "एवढं बिल आलंच कसं?"

यात त्यांची चूक काहीच नाही. नाशिक-पुण्याची थंडी म्हणजे महिना-दीड महिन्याच्या पहाटा. स्वेटर, गोधडी आणि आंघोळीला कढत पाणी एवढ्यावर आपलं निभावतं. अख्खं घर तापवायचं असतं, हेच मुळात आपल्याला माहीत नसतं. इथे मात्र ऑक्टोबर ते एप्रिल तेच करायचं असतं, आणि डिसेंबरात चार वाजायच्या आत सूर्य मावळलेला असतो. लीड्समधल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी थंडी वाजली की थर्मोस्टॅट (घराचं तापमान ठरवायची भिंतीवरची खुंटी) ३० वर न्यायचे, गुदमरलं की खिडकी उघडायचे. त्या तिमाहीत घरभाड्याच्या खालोखाल खर्च गॅसचाच झाला. तेव्हा कुणी पुढच्या गोष्टी सांगितल्या असत्या तर निम्मा त्रास वाचला असता. म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे. कुडकुडत बसून पैसे वाचवा, असं मी कुणालाच सांगणार नाही. उष्णता कुठे वाया जाते ते ओळखलं, की घर उबदार राहूनही बिल उतरतं.

आधी घर कशावर तापतं ते पाहा

स्वयंपाकघरात किंवा एखाद्या कपाटात भिंतीला टांगलेली पांढरी पेटी दिसली, की तो बॉयलर. आजोळच्या न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठवत असेल, तर हाही बंबच समजा. जळण गॅसचं, आणि तापलेलं पाणी नळ्यांमधून प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरमध्ये फिरून परत येतं. बहुतेक भाड्याच्या घरांत 'कॉम्बी' बॉयलर असतो. तोच नळाचं पाणीही लागेल तेव्हा तापवतो, साठवून ठेवत नाही. एखाद्या कपाटात जाड आवरण घातलेली पाण्याची उभी टाकी असेल, तर तुमचा बॉयलर कॉम्बी नाही. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे. आणि घरात गॅसच नसेल, भिंतीलगत जडशीळ विजेचे हीटर असतील, तर त्यांच्याविषयी शेवटाकडे वेगळं लिहिलं आहे.

किल्ल्या मिळाल्या त्याच दिवशी मीटरचे फोटो काढा

गॅस आणि वीज, दोन्ही मीटरचे आकडे तारखेसह फोटोत घ्या आणि कंपनीला कळवा. नाहीतर आधीच्या भाडेकरूचा वापर तुमच्या नावावर पडू शकतो. गॅसचं मीटर घनमीटरमध्ये मोजतं, बिल मात्र युनिटमध्ये (म्हणजे किलोवॉट-तासांत) येतं. १ घनमीटर म्हणजे साधारण ११ युनिट. काही जुनी मीटरं शेकडा घनफुटांत मोजतात, आणि त्यांचा एक आकडा पुढे सरकला की ३१ च्या आसपास युनिट होतात. मीटरवर काय लिहिलंय ते वाचा आणि बिलावर तेच धरलंय ना ते ताडून पाहा. गल्लत झाली तर जवळजवळ तिपटीचा फरक पडतो.

वीज-गॅसवर देखरेख ठेवणारी ऑफजेम या संस्थेने २०२३ मध्ये सरासरी घराचा वर्षाचा वापर गॅस ११,५०० युनिट आणि वीज २,७०० युनिट असा धरला होता. यावरूनच कळतं की दिवे मालवत फिरण्यापेक्षा हीटिंगकडे लक्ष दिलं तर फरक पडेल. दुसरी गोष्ट दरांची. गेल्या एक-दोन वर्षांत गॅसचं युनिट साधारण ६ पेन्स आणि विजेचं २५ पेन्स या आसपास राहिलं आहे. वीज गॅसच्या चौपट महाग, हे प्रमाण डोक्यात ठेवा. त्यामुळे घरात गॅस असताना दोन किलोवॉटचा पंख्याचा हीटर विकत आणून तासन्‌तास लावणं हा सर्वांत महागडा मार्ग. तासाला अर्धा पौंड त्यातच जातो.

ऑफजेमच्या 'प्राइस कॅप'बद्दल हमखास गैरसमज होतो. ही मर्यादा युनिटच्या दरावर आणि रोजच्या स्टँडिंग चार्जवर (वापर असो-नसो, रोज लागणाऱ्या ठरावीक रकमेवर) असते, तुमच्या बिलाच्या रकमेवर नसते. जास्त वापराल तर जास्त भराल. दर तीन महिन्यांनी ती बदलते. डायरेक्ट डेबिट लावला असेल तर वर्षभर सारखी रक्कम कापली जाते. उन्हाळ्यात खात्यात शिल्लक साठते आणि हिवाळ्यात ती खर्ची पडते. ती शिल्लक पाहून 'आपल्याकडून जास्त घेतायत' असं वाटून ऑगस्टमध्ये सगळी परत मागू नका.

दर रविवारी मीटरचा आकडा वहीत लिहायची सवय लावून घ्या. पुढचा कोणता बदल उपयोगी पडला ते त्या वहीतूनच कळेल.

थर्मोस्टॅट म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर नव्हे

रेग्युलेटर पाचवर नेला की पंखा जोरात फिरतो, आणि आपला हात थर्मोस्टॅटवरही त्याच सवयीने जातो. पण ३० वर ठेवल्याने घर लवकर तापत नाही. २० वर ठेवा की ३० वर, २० अंशांपर्यंत पोचायला साधारण तेवढाच वेळ लागतो. ३० वर ठेवलं तर बॉयलर तिथे थांबत नाही, एवढंच. थर्मोस्टॅट म्हणजे 'इथे थांब' अशी खूण.

किती ठेवायचा? जागतिक आरोग्य संघटनेने घरात किमान १८ अंश सुचवले आहेत. धडधाकट माणसांना अंगात स्वेटर आणि पायात मोजे घालून १८-१९ अंशांत बरं वाटतं, हा माझा अनुभव आहे. तान्हं बाळ असेल, भारतातून आई-वडील आले असतील, कुणाला दमा असेल, तर २०-२१ ठेवा आणि तिथे अजिबात हात आखडू नका. म्हाताऱ्या माणसांना गार घर खरोखरच बाधतं. 'चालतंय मला' असं ते म्हणतील, पण ऐकू नका.

एका अंशाने काय होतं त्याचा हिशेब सोपा आहे. बाहेर ५ आणि घरात २१ असेल तर फरक १६ अंशांचा. घरातून बाहेर जाणारी उष्णता या फरकाच्या प्रमाणात असते. २० वर आणलंत तर फरक १५, म्हणजे गळती सोळाव्या हिश्शाने कमी झाली. गॅसची बचत त्याहून थोडी जास्त होते, कारण माणसांची, फ्रिजची, स्वयंपाकाची ऊब दोन्ही वेळा फुकटच मिळत असते.

याच हिशेबाने आणखी एका प्रश्नाचं उत्तर मिळतं : 'हीटिंग दिवसभर मंद चालू ठेवलेलं स्वस्त पडतं का?' गॅस बॉयलर असलेल्या साधारण घरात नाही. घर जितके तास गरम, तितके तास गळती. सकाळी उठायच्या अर्धा तास आधी चालू, घराबाहेर पडायच्या अर्धा तास आधी बंद, संध्याकाळी परतायच्या सुमारास पुन्हा चालू आणि झोपायच्या थोडं आधी बंद, असा टायमर लावा. तापलेलं घर काही वेळ ऊब धरून राहतं. (घरात हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता खेचून घर तापवणारं विजेचं यंत्र, असेल तर गोष्ट उलटी. तो मंद आणि सलग चालवायचा असतो.)

रेडिएटरच्या डोक्यावरचे आकडे

रेडिएटरच्या एका टोकाला १ ते ५ आकड्यांची फिरकी असते. तीही खोलीचं तापमानच सांभाळते. ३ म्हणजे साधारण २० अंश. नेहमीच्या खोलीला ३, झोपायच्या खोलीला २ पुरतात. वापरात नसलेली खोली १ वर ठेवून दार लावून घ्या, पण पूर्ण बंद करू नका. बर्फासारख्या गार भिंतीवर ओल धरते. ज्या जागेत भिंतीवरचा थर्मोस्टॅट आहे, तिथला रेडिएटर मात्र पूर्ण उघडा हवा, नाहीतर दोघांची ओढाताण होते आणि बॉयलर थांबतच नाही.

घरून काम करणाऱ्यांनी एक खोली ठरवावी, शक्यतो दक्षिणेकडे खिडकी असलेली. दिवसा तेवढीच तापवावी.

बॉयलरमधलं पाणी कमी तापवा

ही गोष्ट सर्वांत कमी लोकांना माहीत आहे, आणि तिला दमडीही लागत नाही. २००५ नंतर इथे बसवलेले गॅस बॉयलर बहुतेक सगळे 'कंडेन्सिंग' प्रकारचे आहेत. गॅस जळताना वाफ तयार होते. ती धुराबरोबर निघून जाण्याआधी बॉयलरच्या आत तिचं पाणी झालं, तर तिच्यातली उष्णताही आपल्याला मिळते. मात्र त्यासाठी रेडिएटरमधून फिरून परत येणारं पाणी ५५ अंशांच्या खाली असावं लागतं. बसवणारे लोक बॉयलर बऱ्याचदा ७०-८० अंशांवर ठेवून जातात. मग परतणारं पाणीही कढतच असतं, आणि ती वाफ पांढऱ्या ढगासारखी बाहेर उडून जाते.

बॉयलरच्या दर्शनी भागावर दोन खुंट्या किंवा बटणं असतात. एकावर नळाचं चित्र, दुसऱ्यावर रेडिएटरचं. रेडिएटरवालं आधी ६० वर आणा. आठवडाभर पाहा. घर नीट तापत असेल तर ५५ करा. रेडिएटरला हात लावल्यावर पूर्वीसारखा चटका बसणार नाही आणि खोली तापायला वेळ लागेल, म्हणून टायमर थोडा आधीचा लावा. फार कडाक्याची थंडी पडली तर तेवढे दिवस पुन्हा वाढवता येतं.

हे फक्त कॉम्बीसाठी. टाकीवाल्या घरात टाकीतलं पाणी ६० अंशांपर्यंत तापायलाच हवं, नाहीतर त्यात लिजिओनेला जंतू वाढण्याची भीती असते. तिथे जाणकाराला विचारल्याशिवाय हे बटण फिरवू नका. आणि बॉयलर कोणताही असो, त्याचं झाकण आपण उघडायचं नाही. ते काम 'गॅस सेफ' नोंदणी असलेल्या माणसाचं.

तिथेच 'प्रीहीट' किंवा 'कम्फर्ट' असं काही दिसलं तर ते बंद करून 'इको' करा. नाहीतर नळाला गरम पाणी पटकन यावं म्हणून बॉयलर रात्रंदिवस अधूनमधून पेटत राहतो. अर्धा मिनिट थांबायची तयारी ठेवली की झालं.

रेडिएटर वर गार, खाली गरम? हवा काढा

वरचा भाग गार म्हणजे आत हवा अडकली आहे. त्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात छोटी पितळी किल्ली मिळते. हीटिंग बंद करून रेडिएटर गार होऊ द्या. वरच्या कोपऱ्यातल्या चौकोनी खिळीला किल्ली लावा, खाली फडकं धरा, आणि किल्ली घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेला पाव फेरा फिरवा. फुस्स आवाज येईल. पाणी दिसू लागलं की लगेच आवळा. मग बॉयलरवरचा दाबाचा काटा पाहा. गार असताना तो १ ते १.५ बारमध्ये असावा. खाली गेला असेल तर पाणी कसं भरायचं ते घरमालकाला विचारा, किंवा त्या बॉयलरच्या माहितीपुस्तिकेत पाहा. खालचा भागच गार असेल तर आत गाळ साठलाय. ते आपल्या हातचं काम नव्हे, घरमालकाला कळवा.

रेडिएटरला सोफा चिकटवू नका, आणि लांब पडदे त्याच्यापुढे सोडू नका. पडदा रेडिएटरच्या पुढे आला की सगळी ऊब काचेकडे जाते. पडद्याची कड खिडकीच्या कट्ट्यावर टेकली की काम झालं. दिवस मावळताच पडदे ओढायचे. सकाळी ऊन असेल त्या बाजूचे उघडायचे.

फटी शोधा

वाऱ्याच्या दिवशी ओल्या हाताचा तळवा दाराच्या कडेने, खिडकीच्या चौकटीशी, लाकडी जमिनीच्या फळ्यांमध्ये, पत्रपेटीच्या फटीपाशी फिरवा. जिथे गार झुळूक लागेल तिथे पैसे पळतायत. दाराच्या तळाशी जुन्या साडीत कापड किंवा तांदूळ भरून शिवलेली लांब वळकटी ठेवा. खिडकीला चिकटणारी फोमची पट्टी लावा, पत्रपेटीला ब्रश लावा. हे सगळं मिळून दहा-वीस पौंडांत होतं, आणि घर सोडताना काढूनही नेता येतं.

पण खिडकीच्या वरच्या कडेची उघडझाप करणारी बारीक पट्टी आणि बाहेरच्या भिंतीतली जाळीची वीट या दोन गोष्टी कधीही बुजवू नका. त्या घराच्या नाकपुड्या आहेत. त्या बुजवल्या की काय होतं ते आता सांगते.

ओल : आपल्या घरांचं खरं दुखणं

कुकरच्या शिट्ट्या, उकळती आमटी, रोजचा भात, बादलीभर गरम पाण्याची आंघोळ, आणि बाहेर वाळत नाहीत म्हणून घरातच पसरलेले कपडे. यातली सगळी वाफ घरात राहते. धुतलेल्या कपड्यांच्या एका घाण्यातूनच दोनेक लिटर पाणी हवेत जातं. ते जाणार कुठे? सर्वांत गार भिंतीवर आणि काचेवर. सकाळी काचेवरून ओघळ येतात, आणि नाताळापर्यंत कपाटामागे काळी बुरशी धरते. बिलाच्या भीतीने हीटिंग बंद आणि थंडीच्या भीतीने खिडक्या बंद, असं ज्यांनी केलं त्यांच्या घरात मी हे वारंवार पाहिलं आहे. त्यातून लहान मुलांचा खोकला महिनोन्‌महिने हटत नाही. शिवाय दमट घर कोंदट लागतं आणि त्यातल्या भिंती लवकर वाळत नाहीत.

म्हणून स्वयंपाक करताना पातेल्यावर झाकण ठेवा, वरचा पंखा लावा आणि स्वयंपाकघराचं दार बंद ठेवा. आंघोळीनंतर न्हाणीघराचं दार लावून तिथला पंखा पंधरा-वीस मिनिटं चालू द्या. सकाळी काचेवरचं पाणी फडक्याने पुसा, आणि ते फडकं रेडिएटरवर न वाळवता बाहेर किंवा मोरीत पिळा. रोज पाच-दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडा. एवढ्या वेळात हवा बदलते, भिंती गार पडत नाहीत. दिवसभर एक खिडकी किलकिली ठेवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. कपडे रेडिएटरवर न टाकता एका खोलीत दोरीवर घाला, दार लावा, खिडकी जराशी उघडी ठेवा. पैसे खर्चायचेच असतील तर हवेतली ओल शोषणारं डीह्यूमिडिफायर यंत्र घ्या. साधारण दोनशे वॉटचं असतं, आणि दाटीवाटीने राहणाऱ्या चौकोनी कुटुंबाला ते खरंच उपयोगी पडतं. कपाटं बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.

आधी माणूस तापवा

संध्याकाळी एकटेच पुस्तक घेऊन बसला असाल तर अख्खं घर तापवायची गरज नाही. विजेचं पांघरूण साधारण शंभर वॉटचं असतं, म्हणजे तासाला अडीच-तीन पेन्स. गरम पाण्याची पिशवी त्याहून स्वस्त. पाणी कढतं असावं, उकळतं नसावं, आणि पिशवीला कापडी खोळ हवी. तान्ह्या बाळाच्या अंथरुणात या दोन्ही गोष्टी नकोत. आईने दिलेली गोधडी बॅगेत आणली असेल, तर जागा गेली म्हणून हळहळू नका. सुती कापडाचे थर हवा धरून ठेवतात, तशी ऊब इथल्या पातळ पांघरुणात नाही. आणि मोजे नेहमी घाला, इथल्या फरशीचा गारवा पायातून चढतो.

घरात गॅस नसेल तर

शहरातल्या अनेक फ्लॅटमध्ये 'स्टोरेज हीटर' असतात. आत विटा असतात. त्या रात्रीच्या स्वस्त विजेवर तापतात आणि दिवसभर ऊब सोडतात. जुन्या हीटरवर दोन खुंट्या असतात. 'इनपुट' म्हणजे आज रात्री किती साठवायचं. 'आउटपुट' म्हणजे साठवलेलं आत्ता किती सोडायचं. झोपताना आउटपुट अगदी कमी करा, नाहीतर रात्रभर साठलेली ऊब पहाटेच निघून जाते आणि संध्याकाळी हीटर गार पडतो. उद्या थंडी जास्त असेल तर आज इनपुट वाढवा. हे सगळं दुहेरी दराच्या करारावरच परवडतं. सात तास स्वस्त वीज देणारा 'इकॉनॉमी ७' हा त्यातला जुना प्रकार. तुमचा करार एकाच दराचा असेल तर आजच कंपनीला विचारा.

सुरक्षिततेत काटकसर नको

इंग्लंडमध्ये गॅस बॉयलर असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवणं घरमालकाला १ ऑक्टोबर २०२२ पासून बंधनकारक आहे. गॅसची तपासणी दरवर्षी व्हायला हवी आणि तिचा दाखला तुम्हाला मिळायला हवा. मागायला संकोच करू नका. कोळशाची शेगडी घरात ऊब मिळावी म्हणून कधीही पेटवू नका. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो. गॅसचा वास आला तर खिडक्या उघडा, विजेचं कोणतंही बटण दाबू नका, बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ या मोफत क्रमांकावर फोन करा.

घर अजून शोधत असाल तर जाहिरातीतली 'ईपीसी' श्रेणी पाहा, म्हणजे घर ऊर्जा किती काटकसरीने वापरतं त्याचा दर्जा. ए सर्वांत चांगली, जी सर्वांत वाईट. इंग्लंड आणि वेल्समध्ये काही अपवाद सोडले तर ई च्या खालचं घर भाड्याने देता येत नाही. सी श्रेणीच्या घराचं भाडं थोडं जास्त असलं, तरी हिवाळ्याचा खर्च धरून हिशेब करा.

कडाका पडला, किंवा भारतात निघालात तर

तापमान सलग काही दिवस शून्याखाली गेलं की बॉयलर अचानक बंद पडून लाल दिवा दाखवू लागतो. मघाशी सांगितलेल्या वाफेचं जे पाणी होतं, ते एका प्लॅस्टिकच्या बारीक नळीतून बाहेर जातं. ती नळी गोठते. फेब्रुवारी-मार्च २०१८ च्या हिमलाटेत ठिकठिकाणी हेच झालं होतं. बाहेरच्या भिंतीवरची ती नळी शोधा, हात पोचत असेल तर तिच्यावर कोमट पाणी ओता (उकळतं नव्हे, नळी तडकते) आणि बॉयलरचं रीसेटचं बटण दाबा. मेकॅनिकच्या फेरीचे पैसे वाचतात.

डिसेंबरात तीन आठवडे गावी निघालात तर हीटिंग पूर्ण बंद करून जाऊ नका. थर्मोस्टॅट १० अंशांच्या आसपास ठेवा. बंद घरातल्या नळ्या गोठून फुटल्या तर वाचलेल्या गॅसच्या कितीतरी पट नुकसान होतं. घरात पाणी येणारा मुख्य नळ कुठे आहे तो शोधून बंद करून जा, विमानतळावर निघायच्या आधी मीटरचे फोटो काढा, आणि एक किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवा. परतल्यावर कोट काढायच्या आधी बॉयलरचा दाब पाहा, नळ सुरू करा. घर तापायला दोनेक तास लागतील, तोवर चहा ठेवा, थर्मोस्टॅट मात्र २० च्या वर नेऊ नका.